उत्तर: वावर परत मिळू शकतं

सावकाराच्या कर्जापायी गेलेलं वावर कसं परत मिळवायचं, या प्रश्नावर कुणीतरी '२०१६च्या दिवाळखोरी कायद्यात गरिबाचं कर्ज माफ होतं, अर्ज करा' असा सल्ला दिलाय, तो मला पटत नाही. त्या कायद्यातला व्यक्तींच्या कर्जाचा भाग २०१९पासून फक्त कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांपुरता सुरू आहे, सामान्य कुटुंबांसाठी नाहीच. आणि उद्या सगळ्यांना लागू झाला तरी माफीची अट बघा: वर्षाचं उत्पन्न ६० हजारांच्या आत, कर्ज ३५ हजारांच्या आत, स्वतःचं घर नको. आमच्या गावात पडकं का होईना, घर प्रत्येकाचं आहे.

त्यापेक्षा महाराष्ट्राचा २०१४चा सावकारी कायदा वाचा, कलम १८. माझ्या काकांनी बहिणीच्या लग्नासाठी सावकाराकडून पैसे घेतले, त्यानं तारण म्हणून तीन एकर वावराचं थेट खरेदीखतच करून घेतलं. यवतमाळकडे हे सर्रास चालतं. खरेदीखत झालं म्हणजे वावर गेलं, असं आम्ही चार वर्षं धरून चाललो. पण अशी जमीन पंधरा वर्षांच्या आत गेली असेल, तर जिल्हा उपनिबंधकाकडे (सहकार खात्याचा जिल्ह्यातला अधिकारी) अर्ज करता येतो. व्यवहार सावकारीचा होता हे चौकशीत ठरलं की खरेदीखत रद्द होऊन ताबा परत मिळतो. व्याज दिल्याच्या चिठ्ठ्या मात्र जपून ठेवा, काकांच्या अर्धवट वहीवरच आमचा अर्ज उभा राहिला.