मदत हवी आहे: अजाइल टीममधील सहकार्य मोजणाऱ्या प्रश्नावलीतील मराठी शब्द

नमस्कार.

सॉफ्टवेअर चाचणीच्या कामात काही वर्षे काढल्यानंतर मी सध्या मुंबईत अर्धवेळ संशोधन करीत आहे. अजाइल पद्धतीने (म्हणजे सॉफ्टवेअर थोडे थोडे करून, वारंवार तपासत बनवण्याच्या पद्धतीने) काम करणाऱ्या टीममधली माणसे एकमेकांना प्रत्यक्षात कशी साथ देतात, हा माझा विषय आहे. प्रश्नावली इंग्रजी आणि मराठी अशा दोन्ही भाषांत द्यायचे ठरले आहे, कारण अंधेरी आणि ऐरोली येथील 3 टीमबरोबर केलेल्या पूर्वचाचणीत असे दिसले की इंग्रजी विधानांपुढे लोक न थांबता ‘सहमत’वर खूण करीत जातात आणि तेच विधान मराठीत वाचले की थबकतात, कधी उलट प्रश्नही विचारतात. मात्र मराठीत आणताना काही विधानांचा अर्थच बदलतो आहे आणि तो कसा सावरावा, हे मला एकटीला उमगत नाही.

प्रश्नावलीचा पाया सालास, सिम्स आणि बर्क या संशोधकांनी 2005 मध्ये मांडलेला टीममधील सहकार्याचा आराखडा हा आहे. नेतृत्व, एकमेकांच्या कामाकडे असलेले लक्ष, गरज पडली की दुसऱ्याचे काम उचलणे, परिस्थितीप्रमाणे बदलणे आणि स्वतःपेक्षा टीमला महत्त्व देणे असे पाच घटक त्यात आहेत. त्यांपैकी दुसऱ्या घटकासाठी मी ‘मी सहकाऱ्यांच्या कामावर लक्ष ठेवते’ असे विधान लिहिले होते. जवळजवळ सर्वांनी ते नाकारले आणि एकाने तर स्पष्टच सांगितले, “आम्ही कोणाच्या चुगल्या करत नाही.” विचार केल्यावर त्याचे म्हणणे पटले. आपल्याकडे लक्ष आई ठेवते, साहेब ठेवतो, पहारेकरी ठेवतो; बरोबरीचा माणूस लक्ष ठेवू लागला की त्याच्या हेतूविषयीच शंका येते. ‘नजर ठेवणे’ हा पर्याय तर याहूनही वाईट.

आणि तरीही ती गोष्ट टीममध्ये आहे, हे मी पाहिले आहे. जुलैमध्ये पावसाने लोकल बंद पडल्या, त्या दिवशी बदलापूरहून येणारा एक जण पोहोचू शकला नाही, आणि संध्याकाळी तर रिलीज (सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती वापरात आणणे) होते. कोणी काही सांगायच्या आत शेजारच्या मुलीने त्याची राहिलेली चाचणी स्वतःकडे घेतली. नंतर मुलाखतीत कारण विचारले, तेव्हा ती म्हणाली, “त्याचं कुठे अडलंय ते मला कालच माहीत होतं.” याच मुलीने ‘लक्ष ठेवते’ या विधानाला सर्वांत कमी गुण दिले होते. म्हणजे मोजायचे ते तिच्यात होते. माझ्या शब्दाला ते पकडता आले नाही.

त्यानंतर मी ‘कोणाचे काम कुठे अडले आहे, याची मला कल्पना असते’ असे विधान करून पाहिले. त्याला उत्तरे नीट येतात, परंतु माझ्या मार्गदर्शकांचा आक्षेप असा की मूळ कल्पनेत सहकाऱ्याची चूक हेरणे आणि ती त्याला सांगणेही येते, ते यात उरत नाही. आक्षेप मला मान्य आहे. पण ‘चूक दाखवणे’ म्हटले की पुन्हा दोषारोपाची छटा येते.

तिसऱ्या घटकासाठी सुचलेला ‘सांभाळून घेणे’ हा शब्द बोलण्यात अगदी सहज येतो, पण त्याचे दोन अर्थ होतात: अडलेल्याचे काम उचलणे, आणि त्याच्या चुकीवर पांघरूण घालणे. हे दोन्ही एकाच खुणेत मोजले गेले, तर आकडा निरुपयोगी ठरेल. पाचव्या घटकाच्या विधानांत ‘आम्ही’ वापरावे की ‘आपण’, हाही प्रश्न आहे. संशोधकाला उत्तर देताना ‘आम्ही’ योग्य, पण स्टँडअपमध्ये (टीमच्या रोजच्या छोट्या बैठकीत) मला ऐकू येणारा शब्द ‘आपण’ आहे, आणि तो कोणाला सामावून घेतो, कोणाला बाहेर ठेवतो (चाचणी करणाऱ्यांचा उल्लेख बहुधा ‘ते लोक’ असा होतो), यातच बरेच काही कळते. इंग्रजी विधानात हा भेदच नाही.

स्ट्रोड, डिंगसॉयर आणि लिंड्सयॉर्न यांनी 2022 मध्ये खास अजाइल टीमसाठी जो आराखडा मांडला, त्यात लक्षाच्या जागी सहकाऱ्यांकडून मिळणारा अभिप्राय आणि नेतृत्वाच्या जागी वाटून घेतलेले नेतृत्व येते. ‘अभिप्राय’ हा शब्द कोणालाही खटकणार नाही. पण केवळ शब्द सोपा जातो म्हणून आराखडा बदलणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. बदलायचाच, तर त्याला विषयातले कारण हवे. या दोन्ही आराखड्यांवर कोणी काम केले असल्यास आपले मत जरूर लिहावे.

आणखी एक शंका संख्येची आहे. यात एकक व्यक्ती नसून टीम असते. लिंड्सयॉर्न व सहकाऱ्यांच्या 2016 च्या पाहणीत 477 जण होते, पण टीम होत्या 71. माझ्या आवाक्यात फार तर 12 टीम येतील. स्ट्राय, स्योबर्ग आणि डिब्यो यांनी 2016 मध्येच प्रसिद्ध केलेला अभ्यास 12 टीमवरच उभा होता, पण त्यांनी 60 मुलाखती घेतल्या आणि 79 स्टँडअप प्रत्यक्ष पाहिले. स्टँडअप ही वरिष्ठांना कामाचा हिशेब देण्याची बैठक बनली की लोकांना ती नकोशी होते, हे त्यातून पुढे आले. मीही प्रश्नावलीला दुय्यम ठेवून निरीक्षण आणि मुलाखतींवर भर द्यावा का? तसे केल्यास टीम लीड समोर असताना बसून टिपणे घेणारी मी, त्या 15 मिनिटांत आणखी एक वरिष्ठ ठरणार नाही, यासाठी आपण काय केले होते?

विधानांचा मसुदा मराठीतच आहे आणि जे वाचायला तयार असतील त्यांना मी तो पाठवीन. सर्वांत आधी मला ‘लक्ष ठेवणे’ या शब्दाला असा पर्याय हवा आहे, जो बरोबरीच्या माणसाच्या तोंडी शोभेल आणि ज्यात चूक वेळेवर सांगणेही सामावेल.