मदत हवी आहे: 'एक्स्क्लूजन'ला साध्या मराठीत काय म्हणू?

नमस्कार मंडळी,

एका संस्थेसाठी बचतगटातल्या बायकांच्या हाती द्यायची चाळीसेक पानांची पुस्तिका मराठीत करतेय. बुधवारी द्यायची आहे आणि एकाच शब्दावर घोडं अडलंय. पहिल्या प्रकरणात 'सोशल एक्स्क्लूजन', मध्ये रेशन-पेन्शनच्या यादीतला 'एक्स्क्लूजन एरर' (पात्र असूनही यादीत नाव नसणं) आणि शेवटी गटाच्या आरोग्यविम्यातली 'एक्स्क्लूजन्स'.

शब्दकोशातून 'अपवर्जन' उचललं आणि काल मसुदा घेऊन शिरोळकडच्या एका गटात वाचायला बसले. एक मावशी म्हणाल्या, "म्हंजे वजन कमी करायचं व्हय?" सगळ्या हसल्या, मीही. मग 'बहिष्कार' वाचून पाहिलं. त्यावर त्याच मावशी, वातीचा कापूस वळता वळता: "बहिष्कार मतदानावर टाकत्यात. माझ्यावर कुणी टाकला न्हाई. मालक गेल्यापास्नं हळदीकुंकवाला बोलवत न्हाईत, एवढंच."

त्या 'एवढंच'साठी शब्द हवाय. तिन्हीकडे चालेल असा एकच असेल तर उत्तम.

सदाशिव_बोरू:
एकच शब्द शोधूच नका. विम्यात सरळ 'विम्यातून न मिळणारे खर्च' लिहा. पण तिथे एक मेख आहे. आधीपासून असलेल्या आजारासाठी थांबावं लागतं ते वेगळं आणि जे कधीच मिळणार नाही ते वेगळं. वैयक्तिक पॉलिसीत ही थांबायची मुदत २०२४ च्या नियमांनी ४८ महिन्यांवरून जास्तीत जास्त ३६ वर आली. गटविम्याच्या अटी निराळ्या असू शकतात, कागद बघून घ्या. दोन्ही एकाच मथळ्याखाली टाकलंत तर मधुमेहवाली बाई 'आपल्याला नाहीच' समजून फॉर्मच भरणार नाही.

कोर्टाची_पायरी:
'बहिष्कार' सैल हाताने वापरू नका. आपल्याकडे महाराष्ट्रात सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे, २०१६ चा, लागू झाला जुलै २०१७ मध्ये. जातपंचायतीने वा समाजाने कुणाला वाळीत टाकलं तर तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे हा गुन्ह्याचा शब्द आहे. शिवाय 'बहिष्कृत' म्हटलं की आमच्या घरात १९२४ ची बाबासाहेबांची बहिष्कृत हितकारिणी सभा आठवते. तो शब्द यादीत नाव न लागण्यासाठी खर्च करू नये असं माझं मत.

उंबरठा:
मग 'वंचित' लिहा की. सरकारी कागदांत तोच असतो.

कोर्टाची_पायरी:
'वंचित राहिले' म्हटलं की ठेवलं कुणी ते दिसतच नाही. आपोआप राहिल्यासारखं वाटतं. 'डावललं' म्हणा, लगेच 'कुणी?' असा प्रश्न येतो.

सदाशिव_बोरू:
+१. अवांतर: पदार्थविज्ञानात पाउलीच्या 'एक्स्क्लूजन प्रिन्सिपल'ला 'विवर्जन तत्त्व' म्हणतात: एकाच अणूतले दोन इलेक्ट्रॉन एकाच अवस्थेत राहू शकत नाहीत. तिथे कुणी कुणाला डावलत नाही, म्हणून तो शब्द तिथे शोभतो.

कृष्णाकाठ:
ताई, शिरोळलाच गेला होतात तर हेरवाडचं नाव पुस्तिकेत घ्या. याच तालुक्यातलं. मे २०२२ मध्ये तिथल्या ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंदीचा ठराव केला: कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं बंद. त्याच महिन्यात शासनाने परिपत्रक काढून बाकी ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. मावशींना शब्दापेक्षा हे लवकर कळेल. आणि तुमच्या 'एवढंच'ला आमच्याकडे 'बाजूला ठेवणं' म्हणतात. भांडण नाही, शिव्या नाहीत, नुसतं आमंत्रण येत नाही.

मूळ प्रश्नकर्ती:
खूप आभार. पहिल्या प्रकरणाचं नाव 'कुणाला बाजूला ठेवलं जातं?' केलं. नंतर कृष्णाकाठ यांचाच धागा धरून 'आपण कुणाला बाजूला ठेवतो?' असं बदललं. गटातल्या सुवासिनींनाही ते जरा टोचू दे. 'बहिष्कार' फक्त कायद्याच्या चौकटीत. विम्याचे दोन मथळे वेगळे केले.

आता यादीचं उरलंय. 'नाव सुटलं' लिहू, 'गळालं' लिहू की 'गाळलं'? ऑपरेटरची चूक असेल तर 'सुटलं' बरोबर, पण प्रत्येक वेळी चूकच असते असं नाही ना. बुधवारपर्यंत कुणी सुचवेल का?