‘लिबर्टेरियन’ला ‘स्वातंत्र्यवादी’ म्हणावे काय?

धानोरेकर: गावातल्या अभ्यासगटासाठी एक लेख मराठीत आणताना अडलो आहे. ‘लिबर्टेरियन’ला (माणसाच्या स्वातंत्र्यासाठी राज्याची सत्ता कमीत कमी असावी किंवा नसावीच असे मानणारा) मी ‘स्वातंत्र्यवादी’ आणि ‘अनार्किस्ट’ला (शासकच नको असे मानणारा) ‘अराजकवादी’ असे शब्द योजले. वाचून दाखवल्यावर एका वडीलधाऱ्यांनी विचारले, “पहिले म्हणजे बेचाळीसमध्ये जेलात गेलेले आणि दुसरे दंगली करणारे काय?”

पवनारकाठ: भाऊ, ‘अराजक’ म्हणजे मुळात राजा नसलेले, आणि ग्रीक शब्दाचाही अर्थ शासक नसलेला असाच आहे. परंतु राजा नसेल तर मोठा मासा लहानाला गिळतो, ही शांतिपर्वातली भीती आपल्या शब्दाला चिकटली. गांधीजींनी १९१६ साली बनारसला स्वतःला वेगळ्या प्रकारचा अनार्किस्ट म्हणवले होते. ते मराठीत ‘अराजकवादी’ असे लिहिले की वाचक दचकतो. विनोबांचा ‘शासनमुक्त’ हा शब्द घरचा आहे, त्यावरून ‘शासनमुक्तिवाद’ करावा.

अचलपुरी: ताई, घडवलेला शब्द चावडीवर चालत नाही, ‘अनार्किस्ट’ तसाच ठेवावा. खरी अडचण पहिल्या शब्दाची आहे. जोसेफ देजाक या फ्रेंच अराजकवाद्याने प्रूदाँ या दुसऱ्या फ्रेंच अराजकवादी विचारवंताला १८५७ साली लिहिलेल्या पत्रात, स्त्रियांच्या समतेला विरोध केल्याबद्दल त्याला खडसावताना, हा शब्द वापरला आणि पुढच्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये त्याच नावाचे वृत्तपत्र काढले. म्हणजे तो खाजगी मालमत्तेच्या विरोधकांचा शब्द होता. विसाव्या शतकात अमेरिकेतल्या मुक्त बाजारवाल्यांनी तो घेतला आणि १९७१ साली त्या नावाचा पक्षही निघाला. त्यांच्यातल्या विचारवंतांतही नोझिकला पोलीस आणि न्यायालयांपुरते राज्य हवे, रॉथबार्डला तेवढेही नको. एका मराठी शब्दात हे सगळे कसे मावणार?

धानोरेकर: मग ग्रामसभेतून स्वतःचा कारभार चालवणाऱ्या, आमच्या तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला काय म्हणावे? ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ या घोषणेत सरकार नाकारलेले नाही, ते गावात आणले आहे.

पवनारकाठ: म्हणूनच ‘शासनमुक्त’ म्हणते. तिथे निर्णय सर्वसहमतीने होतात, म्हणजे कोणी कोणावर शासन करत नाही.

आर्वीकर: ‘मोकळीकवादी’ का नको? शेतमालावरची बंधने उठवा असे शरद जोशी सांगत, तेव्हा आमच्या वडिलांना ‘मोकळीक’ हाच शब्द समजे.

अचलपुरी: ‘मोकळीक’ कोणीतरी द्यावी लागते. देणारा उरला तर ‘शासकच नको’ हा देजाकचा मुद्दाच संपला.

आर्वीकर: हे मला पटत नाही. ढोर दाव्यातून सुटले की मोकळे झाले असेच आपण म्हणतो, मग सोडणारा कोणी असो वा नसो.

पवनारकाठ: आमच्याकडे स्वतःहून सुटलेल्या ढोराला ‘मोकाट’ म्हणतात. तुमच्याकडे दोन्हींना ‘मोकळे’च म्हणतात काय?