शेअरपॉइंटमधल्या जुन्या फाइल्सना आपोआप लेबल: नको त्या सापडतात, हव्या त्या निसटतात

कपाटाची_किल्ली

मंडळी, पर्व्ह्यूमध्ये (मायक्रोसॉफ्टचं माहिती जपण्याचं साधन) ऑटो-लेबलिंग पॉलिसी, म्हणजे फाइलवर गोपनीयतेची खूण आपोआप लावणारी नियमावली, बनवली आहे. शेअरपॉइंट आणि वनड्राइव्ह या मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणींमध्ये वर्षानुवर्षं साचलेल्या फाइल्सपैकी ज्यांत ग्राहकांचे कार्ड नंबर आहेत, त्यांना 'गोपनीय – वित्त' हे लेबल आपोआप लागावं, एवढीच अपेक्षा. लेबलला एन्क्रिप्शन जोडलंय, म्हणजे फाइल फक्त वित्त विभागाच्या ग्रुपला उघडेल. नियम तयार मिळतो तोच घेतला: क्रेडिट कार्ड नंबर, किमान एक.

सिम्युलेशनचा (लेबल न लावता घेतलेल्या चाचणीचा) निकाल पाहून डोक्याला हात लावला. अर्ध्याहून जास्त यादी भांडार विभागाच्या मालाच्या शीट्सची. त्यांचे आयटम कोड १६ आकडी, सलग, आणि बरेचसे ४ ने सुरू होणारे. याउलट वित्तच्या परताव्यांच्या फोल्डरमध्ये कार्ड नंबर आहेत हे मला पक्कं माहीत आहे, तर त्यातल्या कितीतरी फाइल्सचा निकालात पत्ताच नाही.

साहेबांचं म्हणणं, "चालू करून टाक, चुकीचं लागलं तर काढू." भांडारवाल्यांची शीट उघडेनाशी झाली की ते माझ्या टेबलाशी येणार, साहेबांच्या नाही. नियम कुठे आवळू आणि कुठे सैल करू?

जुना_ॲडमिन

आधी साहेबांना आवरा. पॉलिसी बंद केली म्हणून लागलेली लेबलं निघत नाहीत, ती फाइलमध्येच राहतात. आणि पॉलिसी बनवताना एक चौकट असते: सिम्युलेशननंतर ७ दिवस पॉलिसीत काही बदल केला नाही तर ती आपोआप चालू होईल. तिथे टिक आहे का ते आत्ताच्या आत्ता बघा. पुढचं नंतर वाचा.

आता आयटम कोड. कार्डचा शेवटचा आकडा लून पद्धतीने, म्हणजे आधीच्या आकड्यांवरून ठरावीक हिशेबाने, काढलेला पडताळणीचा आकडा असतो. कुठलीही आकड्यांची रांग घेतली तरी दहातली एक ही परीक्षा योगायोगाने पास होते. त्यातून ४ ने सुरू होणारा १६ आकडी क्रमांक म्हणजे थेट व्हिसाचा साचा. हजार ओळींच्या शीटमध्ये असे शंभरेक कोड सहज निघतील, आणि तुमची अट तर 'किमान एक'. ती शीट सापडली नसती तरच नवल.

तयार नियम कमी विश्वासपातळीवर ठेवला तर नुसता आकडा पुरतो. उच्च पातळीवर मात्र आकड्याच्या आजूबाजूला, ३०० अक्षरांच्या आत, 'कार्ड', 'एक्स्पायरी' अशा अर्थाचा पुरावा लागतो. पातळी वाढवली की भांडार बहुतेक गळून पडेल. पण एक्सेलमध्ये याचा उलटा फटका बसतो. 'कार्ड नंबर' हा शब्द पहिल्या ओळीत, आकडे खाली दोनशे ओळी. तिथवर ३०० अक्षरं केव्हाच संपलेली असतात. मूळ नियम बदलता येत नाही, त्याची प्रत काढून बदलावी लागते. त्या प्रतीत अंतराची अट 'दस्तऐवजात कुठेही' करा आणि तुमच्या शीट्समध्ये खरोखर वापरले जाणारे शब्द यादीत घाला.

अमुक आकड्यांनी सुरू होणारे कोड वगळायची सोयही तिथे आहे. मी तिच्या वाटेला जाणार नाही. त्याच आकड्यांनी सुरू होणारं खरं कार्ड उद्या आलं तर तेही गुपचूप सुटेल. त्यापेक्षा पॉलिसी निवडक साइट्सपुरती ठेवा आणि भांडाराची साइट बाहेर काढा.

परताव्याच्या फोल्डरमध्ये फाइल्स कुठल्या प्रकारच्या आहेत? ते सांगितल्याशिवाय अंदाज बांधण्यात अर्थ नाही.

कपाटाची_किल्ली

टिक होती. काढली. उपकार झाले!

फोल्डर चाळला. काही फाइल्स एक्सेलच्या जुन्या एक्सएलएस प्रकारच्या आहेत. काहींवर कुणीतरी पूर्वीच हाताने 'अंतर्गत' लेबल लावलंय. पण काही साध्या, एक्सेलच्या नव्या एक्सएलएसएक्स प्रकारच्या आहेत, लेबल नाही, पासवर्ड नाही, रकाना कार्ड नंबरचाच. तरी सापडत नाहीत.

जुना_ॲडमिन

त्यातली एक उघडा, रकाना रुंद करा आणि सगळ्या नंबरांचा शेवटचा आकडा बघा.

कपाटाची_किल्ली

सगळे शून्य!! एकूण एक.

जुना_ॲडमिन

वाटलंच. एक्सेल संख्येचे १५ च आकडे जपतो. १६ आकडी नंबर मजकूर म्हणून न टाकता संख्या म्हणून टाकला की सोळाव्या जागी शून्य येतं. पडताळणीचा आकडाच गेला, त्यामुळे दहातले नऊ नंबर लूनमध्ये नापास, आणि शीटमध्ये नंबर थोडेच असले तर ती अख्खी निसटते. तांत्रिकदृष्ट्या नियम बरोबर आहे, त्या शीटमध्ये पुरा कार्ड नंबर कुठेच नाही. पण १५ आकडे खरे आहेत आणि सोळावा हिशेबाने काढता येतो, म्हणून फाइल गोपनीयच. अशा शीट्स आकड्यांच्या मागे लागून पकडायला जाऊ नका. त्या फोल्डरची नावं, रकान्यांची शीर्षकं यावर वेगळा नियम लावा, किंवा सरळ वित्तच्या माणसाला बसवून हाताने लेबल लावून घ्या. इथे माणूस स्वस्त पडतो.

मेघछाया

बाकी दोन गटांबद्दल. एक्सएलएसला ही पॉलिसी हात लावत नाही, नव्या प्रकारात रूपांतर करावंच लागेल. हाताने लावलेल्या लेबलवर ती कधीच कुरघोडी करत नाही, मग ते कितीही खालच्या दर्जाचं असो. 'अंतर्गत' लावलेल्या फाइल्स मालकांकडूनच बदलून घ्या. ग्राफ एपीआयने (मायक्रोसॉफ्टच्या सेवांना प्रोग्रॅममधून आदेश देण्याची सोय) लेबल बदलता येतं, पण त्या कॉलला पैसे पडतात, हे आधी साहेबांच्या कानावर घाला.

शिवाय फाइल कुणी उघडून बसलं असेल तर त्या वेळी तिला लेबल लागत नाही. दिवसभर उघड्या असणाऱ्या शीट्स मागे राहिल्या तर घाबरू नका. आणि वॉटरमार्क, हेडर-फूटर हे पॉलिसी शेअरपॉइंटमधल्या फाइलवर उमटवत नाही. "लेबल लागलं म्हणता, मग शिक्का कुठाय?" असा फोन येणार, उत्तर तयार ठेवा.

बादलीवाला

आमच्या फाइल्स ॲमेझॉनच्या एस३ या साठवणीवर असतात, तिथली एक गोष्ट सांगून जातो. मेसी हे ॲमेझॉनचं साधन संवेदनशील मजकूर शोधून निष्कर्ष देतं, ऑब्जेक्टवर (साठवलेल्या फाइलवर) टॅग, म्हणजे खुणेची चिठ्ठी, स्वतः लावत नाही. तो निष्कर्ष इव्हेंटब्रिजमधून (घटनेची खबर पुढे पोचवणारी सेवा) लॅम्डाकडे (आपला छोटा प्रोग्रॅम चालवणारी सेवा) न्यायचा आणि टॅग तिथून लावायचा. टॅग लावणारा कॉल जुन्यात भर घालत नाही, अख्खा संच बदलतो. आधीचे टॅग वाचून, त्यात आपला मिसळून मगच लिहा, नाहीतर खर्चाच्या हिशेबाचे टॅग उडतात आणि लेखा विभाग दारात. एका ऑब्जेक्टला टॅग १० च बसतात, तेही मोजून घ्या.

कपाटाची_किल्ली

आता विचार असा आहे: आधी लेबलमधलं एन्क्रिप्शन काढून टाकतो, नुसती खूण लागू देतो, महिनाभर तक्रारी बघतो. मग त्याच लेबलला एन्क्रिप्शन जोडलं की आधीच्या फाइल्सही आपोआप बंद होतील ना?

जुना_ॲडमिन

नाही होणार. लेबलच्या सेटिंगमध्ये नंतर एन्क्रिप्शन घातलं तरी आधी लेबल लागलेल्या, पडून असलेल्या फाइल्स तशाच राहतात.

विचार चांगला आहे, फक्त लेबलं दोन करा. 'गोपनीय'च्या पोटात एक बिनएन्क्रिप्शनचं आणि एक एन्क्रिप्शनचं. पहिल्या पॉलिसीने साधं लावा. यादी निवळली की तीच अट घेऊन दुसरी पॉलिसी एन्क्रिप्शनच्या लेबलाची. पॉलिसीने आपोआप लावलेलं लेबल दर्जाने खालचं असेल तर वरच्या दर्जाचं त्याची जागा घेतं. फक्त क्रम बघा: लेबलांच्या यादीत जे खाली असतं त्याचा दर्जा वरचा. एन्क्रिप्शनवालं खाली ठेवा.