मदत हवी आहे : न्यू व्हेगासमध्ये मिस्टर हाऊस आणि ब्रदरहूड, दोघेही जिवंत राहतील असा मार्ग आहे का?

मंडळी, नमस्कार.

फॉलआऊट न्यू व्हेगास खेळणारे किंवा कधीकाळी खेळलेले इथे कुणी आहेत का? गेम २०१० चा, म्हणजे तसा म्हाताराच. पण आमच्याकडे सध्या तोच रंगात आलाय आणि गाडी अशा जागी अडकलीय की पुढे काहीही केले तरी कुणाचा तरी मुडदा पडणार. जाणकारांनी मार्ग दाखवावा. खाली कथानक फुटणार आहे, ज्यांना स्वतः खेळायचेय त्यांनी इथूनच मागे फिरावे.

ज्यांना यातले काहीच माहीत नाही पण धागा उघडलाच आहे, त्यांच्यासाठी थोडक्यात. २०७७ मध्ये अणुयुद्ध होऊन जग खलास झाले. आपली गोष्ट २२८१ मधली, अमेरिकेतल्या मोहावी वाळवंटातली. पश्चिमेकडून आलेले एनसीआर म्हणजे प्रजासत्ताक: निवडणुका, कर, सैन्य आणि जिकडेतिकडे कागदपत्रे. कोलोरॅडो नदीच्या पलीकडे सीझरचे लीजन: गुलामगिरी आणि क्रूसावर टांगलेली माणसे. मधल्या व्हेगास शहरावर मिस्टर हाऊसची सत्ता. हा दोनशेहून जास्त वर्षांचा गृहस्थ लकी ३८ या कॅसिनोत एका पेटीत पडून आहे आणि यंत्रमानवांच्या फौजेवर राज्य करतो. शिवाय ब्रदरहूड ऑफ स्टील (जुने तंत्रज्ञान गोळा करणारे चिलखतवाले), ग्रेट खान्स, बूमर्स अशी लहानमोठी टोळकी आहेतच. सगळ्यांचा डोळा हूवर धरणावर.

धरणावरून भांडण हे आम्हा सोलापूरकरांना वेगळे समजावून सांगावे लागत नाही. उजनीतून पाणी कुणाला किती, यावर इथे मोर्चे निघतात आणि आमचा नळ मात्र काही दिवसांआडच येतो. गेममध्ये पाण्याच्या जागी वीज धरा. करारानुसार धरणाच्या विजेतला ९५ टक्के वाटा एनसीआरचा, स्ट्रिपला, म्हणजे व्हेगासच्या कॅसिनोंच्या रस्त्याला, उरलेले ५. हे कळल्यापासून एनसीआरवरचे माझे मन उडाले ते उडालेच. माझा मावसभाऊ मात्र पक्का एनसीआरवाला. रात्री जेवण झाले की येतो, शेजारी बसतो आणि सुरू करतो, ‘काय करूलालास बे? त्या म्हाताऱ्याचं काय ऐकूलालास?’

तर मी हाऊसच्या बाजूने खेळतोय. माणूस उर्मट आहे, लोकशाही वगैरे त्याच्या गावी नाही, पण डोके आहे. युद्धाच्या दिवशी व्हेगासच्या परिसरावर ७७ अण्वस्त्रे सुटली होती. त्यातली ५९ याने संकेत पाठवून निकामी केली, ९ लकी ३८ च्या छतावरच्या लेझर तोफांनी पाडली. शहरावर एकही पडले नाही. इतकी तयारी असलेला दुसरा कुणी मला त्या वाळवंटात दिसला नाही. लीजनच्या तळाखालच्या बंकरमध्ये हाऊसची प्लॅटिनम चिप नेऊन यंत्रमानवांची फौज अद्ययावत करून आलो, बूमर्सना आपलेसे केले, ओमेर्टाज या कॅसिनोवाल्या टोळीचे प्रकरण मिटवले. इथपर्यंत झकास.

आणि आता साहेबांचा हुकूम: हिडन व्हॅलीतल्या त्यांच्या बंकरात जा आणि ब्रदरहूड संपव.

अडचण अशी की वेरोनिका माझ्याबरोबर आहे. १८८ ट्रेडिंग पोस्टवर भेटते ती, गोणपाटासारखा झगा घातलेली, ठोसे लगावणारी. ती ब्रदरहूडचीच. आपल्याला कधीतरी एक छान ड्रेस मिळावा एवढी तिची साधी इच्छा. तो मिळवून दिला तर खूश होऊन मारामारीचा एक नवा डाव शिकवते. तिच्यामुळे बंकरचे दार सरळ उघडले. नाहीतर म्हणे आधी सगळे सामान काढून घेतात, गळ्यात स्फोटकांचा पट्टा अडकवतात आणि मग शेजारच्या बंकरमधल्या एनसीआर रेंजरला हुसकावायला पाठवतात. त्या लोकांसाठी मी हरवलेल्या गस्तीपथकांचा शोध घेतला, हवा खेळती ठेवणाऱ्या यंत्रणेचे सुटे भाग आणून दिले. त्यांचा एल्डर म्हणजे प्रमुख मॅकनमारा अजून गादीवर आहे, त्याच्याच हाताखालच्या हार्डिनने त्याला खाली खेचायचा प्रस्ताव दिला होता, मी हात वर केले. ज्यांची हवा मीच सुरू करून दिली, त्यांच्याच बंकरचा स्फोट मी घडवायचा? हाऊसचे म्हणणे मला पटत नाही असे नाही. जुने तंत्रज्ञान दुसऱ्याच्या हाती दिसले की ब्रदरहूड ते हिसकावायला धावणार, आणि हाऊस म्हणजे तर चालतेबोलते जुने तंत्रज्ञान. तरी पण.

माझे प्रश्न असे. हाऊसला समजावून, पटवून, बोलण्याचे कौशल्य शंभरावर नेऊन ही कामगिरी टाळता येते का? नसेल तर आता बाजू बदलली तर आधीचे सगळे वाया जाते का? एनसीआरकडून ‘डोन्ट ट्रेड ऑन द बेअर’ नावाची तंबी आधीच आलीय, तिचा अर्थ दोर कापले गेले असा घ्यायचा का? त्यांच्याकडे माझी बदनामी थोडी आहे, चांगली कामे करून ती पुसता येईल का? आणि धरणाच्या लढाईनंतर पुढे खेळता येते का, की सगळे तिथेच संपते?

एक शेवटचे, तांत्रिक. स्ट्रिपबाहेरच्या फ्रीसाइड वस्तीत फिरताना गेम अधूनमधून काही न सांगता बंद पडून थेट डेस्कटॉपवर आणून सोडतो. पीसी जुना आहे, पण इतकाही नाही. वैताग आलाय.

आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद :

वाळवंटी उंट

सरळ उत्तर देतो: नाही. हाऊसच्या बाजूने खेळताना ब्रदरहूड संपवावेच लागते, तिथे बोलण्याचे कौशल्य चालत नाही. आणि बाकीच्या सगळ्या वाटांवर हाऊस जातो. सीझर त्याला मारायला सांगतो, एनसीआरची कर्नल मूरही सांगते, येस मॅन नावाच्या यंत्रमानवाच्या वाटेवर, म्हणजे व्हेगास स्वतंत्र करायचे तर, हाऊसला बाजूला सारल्याशिवाय पान हलत नाही. म्हणजे दोघेही सुखरूप आहेत असा शेवट या गेममध्ये नाहीच. सीझरला तर ब्रदरहूडही नको असते, त्यामुळे तिकडे पाहूच नका.

तुमच्यासाठी येस मॅन बरा. टॉप्स कॅसिनोवाल्या बेनीच्या खोलीत सापडतो तो हसऱ्या चेहऱ्याचा यंत्रमानव. प्रत्येक टोळीबद्दल तुमचा निर्णय विचारतो. ब्रदरहूडबद्दल ‘राहू दे’ म्हटले की विषय संपला. तुमची फौज अद्ययावत झालेली आहे, ती वाया जात नाही, मालक तेवढा बदलतो. हाऊसच्या खोलीचे दार उघडायच्या आधी मात्र दारूगोळा भरून ठेवा, पेन्टहाऊसमधले यंत्रमानव तुटून पडतात. म्हाताऱ्याला मारायचे जिवावर येत असेल तर यंत्रांपासून तोडून जिवंतही ठेवता येते, पण ते जास्त क्रूर आहे असे माझे मत.

शेंगाचटणी

मावसभावाला माझा नमस्कार सांगा, त्याचेच बरोबर आहे. एनसीआरच्या वाटेवर कर्नल मूर ब्रदरहूड उडवायलाच सांगते, पण तिथे तह होऊ शकतो आणि हीच एक बाजू अशी आहे. मॅकनमारा गादीवर आहे आणि तुम्ही त्याची कामे केलीत, म्हणजे तुमचा निम्मा रस्ता झालाय. त्याच्याशी तहाचे बोला, मग मूरकडे जा. नाक मुरडते, पण मान्य करते. शेवटच्या लढाईत चिलखतवाले धरणावर तुमच्या बाजूने उभे दिसतात. ज्यांनी हेलिओस वन या वीजकेंद्रावर एकमेकांना कापले तेच खांद्याला खांदा लावून. मला तरी यापेक्षा भारी शेवट दिसला नाही.

तंबीचे म्हणाल तर तो नुसता इशारा आहे, आमच्या शत्रूंना मदत करणे थांबवा एवढाच. एनसीआरच्या दूतावासात राजदूत क्रॉकरला भेटून काम मागा. आता रेंगाळू नका मात्र, हाऊसची पुढची कामे घेत राहिलात तर दार बंद होईल.

बदनामी पुसली जात नाही. नाव आणि बदनामी यांची खाती वेगवेगळी, एकातली जमा दुसऱ्यातून वजा होत नाही. म्हणूनच काही गावांत लोक एकाच वेळी पाया पडतात आणि पिस्तुलावर हातही ठेवतात. स्ट्रिपवर जी माफी मिळते ती तेवढी कामाची.

रात्रपाळी

बंद पडण्याचे कारण पीसी नाही. गेम ३२ बिटांचा आहे, मूळ फाइल २ जीबीपेक्षा जास्त मेमरी वापरूच शकत नाही. ४ जीबी पॅच म्हणून छोटा प्रोग्राम मिळतो, तो लावा. गॉग या ऑनलाइन दुकानातून गेम घेतला असेल तर तो आधीच लावलेला असतो. शिवाय न्यू व्हेगास टिक फिक्स टाका, हिसके कमी होतील. आपोआप होणाऱ्या सेव्हवर विसंबू नका, दर वेळी नवा सेव्ह करा.

लढाईनंतर काही खेळता येत नाही. कुणाचे काय झाले ते चित्रांमधून सांगतात आणि संपते. आधी सूचना येते, तिथे थांबून राहिलेली कामे उरकून घ्या. वेरोनिका आवडत असेल तर डेड मनी हा जोडभाग नक्की खेळा, तिचा गुरू एलायजा तिथे भेटतो.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. पॅच लावला, फ्रीसाइडमधून शेवटपर्यंत चालत गेलो, एकदाही बंद पडला नाही.

वाळवंटी उंट, येस मॅनची वाट तुम्ही म्हणता तशी सोपी आहे, पण त्यानंतर शहर चालवणार कोण? कुणाचेच राज्य नाही म्हटल्यावर बेबंदशाहीच होणार ना. तिकडे एनसीआरशी तह करायचा तर हेलिओस वनची आठवण येते. तिथे वीज कुणाला द्यायची हे मीच ठरवले होते. सगळ्या भागाला वाटून दिली, तर तो फॅन्टास्टिक नावाचा थापाड्या, ज्याला एनसीआरने नुसत्या बोलबच्चनावर वीजकेंद्र सोपवलेय, त्याला पत्ताही नव्हता. असल्यांच्या हाती धरण द्यायचे?

डफरीन चौक

सोलापूरकर असून स्वतंत्र शहराला बेबंदशाही म्हणता? मे १९३० मध्ये इंग्रज अधिकारी गाव सोडून गेले होते आणि काही दिवस स्वयंसेवकांनीच शहर सांभाळले. पुढे मार्शल लॉ लागला आणि चौघांना फाशी झाली, ते चार हुतात्मा चौकात रोजच दिसते. येस मॅन घ्या. शेवटच्या चित्रांत थोडी अंदाधुंदी दाखवतात हे खरे, पण तुमची फौज अद्ययावत असेल तर ती बरीच आटोक्यात राहते.

शेंगाचटणी

भावनेच्या भरात काही करू नका. हाऊसच्या हुकमाआधीचा सेव्ह वेगळ्या नावाने ठेवा, आधी तह करून बघा, नाही आवडला तर मागे येऊन येस मॅन. फॅन्टास्टिकसारखे लोक सगळ्याच बाजूंना असतात, लीजनमध्ये फक्त ते तलवार घेऊन फिरतात.

धागाकर्ता

ठरले. आज रात्री तह. मावसभावाला अजून सांगितलेले नाही, त्याला वाटेल त्याच्यामुळे केले.