शिडाच्या जहाजांचा ताफा हवाय, खिशाला परवडेल असा – मदत हवी आहे

मंडळी, नमस्कार.

टेबलावर खेळायच्या आरमारी लढाईसाठी छोटी शिडाची जहाजं हवी आहेत. शोकेसमध्ये ठेवायला एखादं देखणं मॉडेल कुठेही मिळतं, मला मात्र खेळायला अख्खा ताफा लागणार आहे. इथे थ्रीडी प्रिंटिंगवाले आहेत, स्केल मॉडेल जोडणारे आहेत, म्हणून जरा सविस्तर विचारतेय.

आमच्या ग्रुपमध्ये पहिलं नाव अर्थातच ट्रफाल्गरचं निघालं. पण २१ ऑक्टोबर १८०५ च्या त्या लढाईत इंग्रजांची २७ आणि फ्रेंच-स्पॅनिश मिळून ३३ मोठी लढाऊ जहाजं होती. ६० जहाजं जमवणं आमच्या आवाक्याबाहेरचं आहे. म्हणून नाइलची लढाई ठरवली: ऑगस्ट १७९८, इजिप्तजवळचा अबूकीर उपसागर, एकीकडे इंग्रजांचा सेनापती नेल्सन, दुसरीकडे फ्रेंचांचा ब्रुएस.

खर्चाच्या दृष्टीने ही लढाई फार सोयीची आहे. इंग्रजांची १३ जहाजं ७४ तोफांची आणि एक ५० तोफांचं. फ्रेंचांच्या रांगेतल्या १३ पैकी ९ जहाजं ७४ तोफांचीच. म्हणजे जवळपास एकाच घाटाची २२ जहाजं झाली! एकदा चांगला हल, म्हणजे जहाजाचं धड, जमला की तोच पुन्हा पुन्हा वापरायचा. उरतात ती फ्रेंचांची ८० तोफांची तीन, ब्रुएसचं अवाढव्य 'ओरियाँ' आणि चार फ्रिगेट, म्हणजे लहान लढाऊ जहाजं. शिवाय फ्रेंच ताफा नांगर टाकून उभा होता, म्हणजे शिडं गुंडाळलेली. फुगलेली शिडं करणं हे सगळ्यात वेळखाऊ काम, आणि ते निम्म्या ताफ्यापुरतं वाचतंय.

आता अडलंय ते स्केलपाशी, म्हणजे खऱ्या जहाजाच्या किती पट लहान करायचं इथे. फ्रेंच रांग सुमारे २६०० मीटर लांब होती. १:७०० मध्ये ती पावणेचार मीटर होते, एवढं टेबल कोणाकडेच नसतं. १:१२०० मध्ये साधारण २.२ मीटर, म्हणजे दोन टेबलं जोडून जमेल. १:२४०० मध्ये तर जेमतेम १.१ मीटर. पण ७४ तोफांच्या जहाजाचा हल ५२ ते ५६ मीटरचा. तो १:७०० मध्ये साडेसात-आठ सेंटिमीटर, १:१२०० मध्ये साडेचारच्या आसपास आणि १:२४०० मध्ये सव्वादोन सेंटिमीटर भरतो. सव्वादोन सेंटिमीटरच्या जहाजावर तोफांचे पट्टे रंगवता येतील, पण पलीकडच्या बाजूला बसलेल्याला ते ओळखू येईल का? माझा कल १:१२०० कडे आहे.

तयार पर्याय पाहून झालेत. लँग्टनची १:१२०० ची धातूची जहाजं अप्रतिम आहेत, पण इतक्या संख्येने घेणं शक्य नाही. टंबलिंग डाइसची १:२४०० ची परवडतील असं वाटतं. 'सेल्स ऑफ ग्लोरी'ची १:१००० ची जहाजं रंगवलेलीच येतात, मात्र सगळ्यांची शिडं उघडलेली. वॉरलॉर्डच्या 'ब्लॅक सीज' या खेळाची जहाजं १:७०० ची. विझकिड्सने २००४ साली 'पायरेट्स' नावाचा खेळ काढला होता, त्यात प्लॅस्टिकच्या कार्डातून तुकडे काढून जहाज जोडायचं. जुन्या बाजारात ती ढिगाने मिळतात, पण सगळी एका स्केलची नाहीत, आणि एका रांगेत लहानमोठी जहाजं उभी केली की लढाईची सगळी मजाच जाते.

तर विचारायचं ते हे: १:१२०० बरोबर आहे का? हल प्रिंट करावेत की हाताने करावेत? आणि मी म्हणते तसं एक हल करून त्याचा साचा काढला तर चालेल का?

प्रतिसाद १

ताई, १:१२०० डोळे झाकून घ्या. हल प्रिंटच करा, पण डोलकाठ्यांसकट अख्खं जहाज प्रिंट करण्याच्या फंदात पडू नका. रेझिनच्या बारीक काठ्या हात लागला की मोडतात. पाण्याच्या रेषेवर सपाट कापलेला हल घ्या, म्हणजे सपोर्टची (छापताना खालून द्यायच्या आधाराची) फारशी गरज पडत नाही आणि एका वेळी बरेच हल निघतात. डोलकाठ्या पितळी तारेच्या करा. ग्रुपमध्ये कोणाकडे रेझिन प्रिंटर (द्रव रेझिन घट्ट करून छापणारा) असेल तर उत्तम, साध्या फिलामेंट प्रिंटरवर (प्लॅस्टिकची तार वितळवून छापणारा) एवढ्या लहान हलच्या तोफांच्या खिडक्या पुसट येतात. त्या रंगाने काढाव्या लागतील, आणि टेबलावर ते खपूनही जातं.

फाइल कोणाची आहे आणि तिची परवानगी काय आहे हे मात्र बघून घ्या. साच्याचंही तेच. स्वतः बनवलेल्या हलचा सिलिकॉन साचा खुशाल काढा. विकत घेतलेल्या जहाजाचा काढू नका. हे छोटे कारागीर त्यावरच तगून आहेत.

प्रतिसाद २

प्रिंटर नसेल तरी अडत नाही. जाड कार्डाचे हलच्या आकाराचे थर कापून एकावर एक चिकटवा, कडा पॉलिश पेपरने घासा, वर पातळ फेव्हिकॉलचा हात द्या. पाण्याच्या रेषेवरचा हल इतका छोटा असतो की थर दिसत नाहीत.

गुंडाळलेली शिडं टिश्यू पेपरची करा. पातळ केलेल्या फेव्हिकॉलमध्ये पट्टी भिजवायची, दोन बोटांत वळायची, ओली असतानाच आडव्या काठीखाली चिकटवायची आणि दोऱ्याने तीन-चार ठिकाणी आवळायची. वाळली की सुरकुत्या अगदी कॅनव्हासच्या दिसतात. इंग्रजांची उघडी शिडं साध्या कागदाची, पेनावर गुंडाळून फुगवटा द्या. डोलकाठीच्या बाजूच्या दोरशिड्यांना नेटचं कापड तिरकं कापून लावा. दोऱ्यासाठी सुती घेऊ नका, त्याला लव असते आणि या स्केलला ती केसांसारखी दिसते. पॉलिस्टरचा दोरा मेणावरून ओढून घ्या.

आणि बेस जरा मोठा ठेवा, जहाजापेक्षा दोन्ही बाजूंना बोटभर तरी. खेळताना लोक जहाज डोलकाठीला धरून उचलतात. बेसला धरायला जागा असली की निम्मी मोडतोड टळते. नावाची पट्टी मागच्या कडेला लावा.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. १:१२०० पक्कं. हल प्रिंट करून घेते, शिडं आणि दोर हाताने. इंग्रज आणि फ्रेंच हल वेगळे ठेवावेत असंही ठरतंय. फ्रेंचांची ७४ तोफांची जहाजं थोडी लांब होती. या स्केलला फरक तीन मिलिमीटरच पडतो, पण शेजारी ठेवली की दिसेल.

अजून एक विचारते. इंग्रजांचं 'बेलेरोफोन' थेट 'ओरियाँ'समोर जाऊन थांबलं आणि त्याच्या तिन्ही डोलकाठ्या गेल्या. खेळताना हे दाखवता आलंच पाहिजे. डोलकाठी पडली की काढून ठेवता येईल आणि पुढच्या डावाला परत बसवता येईल, असं काही करता येतं का?

प्रतिसाद १

येतं. हलमध्ये डोलकाठीच्या जागी भोक पाडून पितळी नळीचा छोटा तुकडा बसवा, तारेला घट्ट होईल अशा मापाचा. रंग देताना नळीत काडी खुपसून ठेवा, नाहीतर आत रंग जाऊन वाळतो. पण मग दोर एका डोलकाठीवरून दुसरीकडे नेता येणार नाहीत. प्रत्येक डोलकाठीचे दोर तिच्यापुरतेच ठेवावे लागतील, आणि दोरशिड्यांची खालची टोकं हलला न चिकटवता एका बारीक पट्टीला चिकटवा. ती पट्टी डोलकाठीबरोबरच उचलली जाईल. सगळ्या ताफ्याला हे करत बसू नका. आधी एकाच जहाजावर करून बघा आणि जमलं तर फोटो टाका.