दोन खिसे पुरतात म्हणे!

रामबागकर:
काल इथे कोणी लिहिलं, "खांद्याला छोटी बॅग अडकवणारे पुरुष बायकी दिसतात, मर्दाला दोन खिसे पुरतात." डोक्यातून जातच नाहीये म्हणून लिहितोय. मला 11 वर्षं शुगर आहे. इन्सुलिनचं पेन, मीटर, पट्ट्या, ग्लुकोजच्या गोळ्या, चष्मा, हे कुठल्या खिशात कोंबू? इंदूरला मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर, स्कूटरची डिक्की म्हणजे भट्टी, आणि वापरातलं पेनसुद्धा 30 डिग्रीच्या वर ठेवायचं नसतं. दोन वर्षांपूर्वी तेच केलं, पेन डिक्कीत राहिलं, मग शुगर काही केल्या उतरेना आणि तीन दिवस मी जेवणालाच दोष देत बसलो. तेव्हापासून स्लिंग बॅग. कोणाला बायकी वाटो.

पलासिया_बुलेट:
ते मीच लिहिलं होतं. औषधाचं वेगळं आहे भिया, आजारी माणसाला मी काही बोललो नाही. पण विजयनगरला पोरं छातीवर बॅग लटकवून फिरतात त्यांचं काय? पैसे यूपीआयने जातात, लायसन्स आणि आरसी डिजिलॉकरमध्ये, 2018 पासून सरकारने ते मान्य केलंय. मग आत काय, हवा?

जेलरोड_मोबाईलवाला:
आणि फोनच बंद पडला तर चौकात काय दाखवणार? माझ्याकडे रिपेअरला येणारे किती फोन मागच्या खिशात ठेवून बसल्यामुळे फुटलेले असतात ते येऊन बघा. पाकिटाचंही तेच. माझ्या वडिलांनी वर्षानुवर्षं जाड पाकीट मागच्या खिशात ठेवून गल्ल्यावर बसून काढली, पायात कळ यायला लागली, डॉक्टर म्हणाले पाकिटाने नस दबतेय, आधी ते काढा.

लोकमान्यनगरची_ताई:
दोन खिसे पुरतात कारण बाकीचं सगळं बायकोच्या पर्समध्ये असतं! सराफ्याच्या खाऊगल्लीत खायला गेलो की यांचा चष्मा, गाडीची किल्ली, पॉवरबँक, रुमाल, सगळं माझ्या खांद्यावर, आणि वर विचारणार "इतकं काय भरतेस गं पर्समध्ये?" माझा उजवा खांदा कायमचा धरलाय.

पलासिया_बुलेट:
ताई विषय पुरुषांच्या बॅगचा आहे, घरची भांडणं इथे कशाला? आमच्या हिची तर कधी तक्रार नाही.

लोकमान्यनगरची_ताई:
कधी विचारलंत?

सुदामानगर_सून:
+1 ताई. माझ्याकडे सासऱ्यांच्या दातांची डबीसुद्धा असते. लग्नात फोटो काढतानाही पर्स खाली ठेवता येत नाही, आणि आमच्या ड्रेसला धड एक खिसा नसतो.

पलासिया_बुलेट:
झालं, आता सगळा दोष पुरुषांचा!!

जुना_इंदुरी:
अहो रागावू नका, पण "मर्द" काढलात म्हणून सांगतो. माझे आजोबा नारायण बागेतून राजवाड्यापर्यंत पायी जायचे. कमरेला पैशांचा कसा बांधलेला, जवळ चंची, तिच्या एका कप्प्यात पान, एकात सुपारी, एकात चुना. त्यांना बायकी म्हणायची कोणाची छाती नव्हती. पुढे आमच्या कॉलेजात निम्म्या पोरांच्या खांद्याला शबनम असायची, माझ्याही होती. हे खिशाचं मर्दपण कधीपासून आलं?

पलासिया_बुलेट:
चंचीचं पटलं. शबनमचं नाही, ती कवी लोकांची.

रामबागकर:
ज्याला घ्यायची असेल त्याने चेन अंगाकडे येईल अशी घ्या आणि पट्टा आखूड ठेवा, लांब असला तर गाडीवर बॅग मांडीवर आपटत राहते.

पलासिया_बुलेट:
हिला विचारलं. आधी गप्प बसली, मग म्हणाली चष्म्याची डबी आणि किल्ल्या तेवढ्या तुम्ही ठेवा. ठेवतोय. बॅग घेणार नाही म्हणजे नाही.

लोकमान्यनगरची_ताई:
आणि पॉवरबँक?